धारणीहून पत्र

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा गप्प झाले आणि आईने विषय लोणच्यावर नेला, म्हणून हे पत्र. पुण्यातली आयसीयूची नोकरी सोडून नर्सिंगच्या विद्यार्थिनींना मेळघाटात घेऊन राहण्याचे काम मी तुम्हांला विचारून नव्हे, ठरवून मग सांगितले, याची बोच आहे. पण वॉर्डात चार वर्षे शिकलेली मुलगी सलाइन बदलण्यापूर्वीही इन्चार्ज सिस्टरकडे पाहते. तिथे सांगितले तेवढे करणे हेच शहाणपण ठरते.

इथे सहा जणींच्या तुकडीत दर आठवड्याला एका मुलीकडे पुढारपणाची जबाबदारी असते. मागच्या खेपेस वर्गात तोंडही न उघडणाऱ्या मुलीची पाळी होती. बाळंतिणीच्या घरी तिने आशाताईंना पुढे केले, कारण इथली कोरकू भाषा त्यांनाच येते. घड्याळ लावून तिने बाळाचे श्वास मिनिटभर मोजले. ते 60 च्या वर भरले, म्हणजे धोक्याची खूण, म्हणून पुन्हा मोजले, तरी वरच. मग ती सासूबाईंपाशी जाऊन बसली, कारण बाळाला हलवायचे की नाही हे त्याच ठरवणार होत्या. तोवर एकीला तिने 108 ला फोन करायला आणि दुसरीला बाळ आईच्या उराशी उबेत ठेवायला सांगितले होते. मी दारात गप्प उभी होते, आणि ते फार अवघड गेले. बाबा, मला पोहायला शिकवताना विहिरीच्या पायरीवर तुम्ही हात मागे बांधून उभे राहायचात, ते आता कळते. बाळ सुखरूप घरी आले आहे.

आई, खेड्यात या मुली काय शिकणार, असे तू विचारलेस. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्याच बायकांना, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून उभे केले. त्यांच्याकडे पाहिले की पुढारपण पदवीबरोबर मिळते असे मला तरी वाटत नाही.

माझ्या खोलीत पंखा आहे, मच्छरदाणी आहे, पाणी उकळूनच पिते, आणि जेवण वेळेवर होते (बहुतेक वेळा).

बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी चार दिवस मी येते. रजा मंजूर झाली आहे. तोवर बीपीची गोळी चुकवायची नाही आणि अंधारात अंगणात उतरायचे नाही. आई, बरणी काढायला स्टुलावर चढू नकोस; मी आल्यावर काढीन.

तुमची,
सोनी