क्रीमच्या डब्याही तपासा

महोदय,
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मुलीने स्वस्तातली क्रीमची डबी आणली. आठ दिवसांत तिच्या गालांवर लाल पुरळ उठले. डबीवर ना बॅच नंबर, ना उत्पादकाचा पत्ता. झाकणाच्या आत मात्र काळी बुरशी! पाणी असलेल्या क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह कमी पडले की जंतू वाढतात, तेही आपल्या दमट पावसात. जास्त झाले तर त्वचेला खाज, पुरळ. मिथिलपॅराबेन हे असेच एक प्रिझर्व्हेटिव्ह; ते एकटे वापरल्यास मर्यादा ०.४ टक्के; हे प्रमाण प्रयोगशाळेतच कळते, गिऱ्हाइकाने कसे ओळखावे? चतुर्थीपूर्वी अन्न व औषध प्रशासन मिठाईचे नमुने घेते. तसेच बाजारातल्या क्रीम-पावडरींचेही घ्यावेत आणि निकाल वर्तमानपत्रांत छापावेत, ही कळकळीची विनंती.

— एक पालक, बार्देश