परसातील बदके आणि त्यांचा पक्का निवारा : सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव व कार्यकारी समितीचे सर्व सदस्य,
आपली गृहनिर्माण सहकारी संस्था,
तालुका साकोली, जिल्हा भंडारा.

विषय : घरामागील सांदवाडीत पाळीव बदकांसाठी पक्का निवारा बांधण्यास परवानगी मिळण्याबाबत, तसेच पाळीव पक्षी हटविण्याच्या सूचनेचा फेरविचार करण्याबाबत.

महोदय,

कुंपणालगतची सर्व तात्पुरती शेड काढून टाकावीत आणि पाळीव पक्षी संस्थेच्या हद्दीबाहेर न्यावेत, अशी सूचना समितीने फलकावर लावली आहे. माझ्याकडे एक नर आणि पाच माद्या अशी सहा खाकी कॅम्पबेल बदके आहेत आणि सध्या ती तट्ट्याच्या आडोशात राहतात. हा आडोसा काढण्यास माझी हरकत नाही, उलट तो जावा अशीच माझी इच्छा आहे. माझी विनंती एवढीच आहे की, त्याच्या जागी नीट बांधलेले घर उभारण्याची मला परवानगी द्यावी. शेजाऱ्यांनी ज्या अडचणी सांगितल्या आहेत, त्यांतील बहुतेक बदकांमुळे उद्भवत नसून बदके कशी ठेवली जातात त्यावर अवलंबून असतात, असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे या अडचणींचे उत्तर बंदीत शोधण्याऐवजी बांधकामात आणि रोजच्या व्यवस्थेत शोधावे, असे मला वाटते.

प्रथम दुर्गंधीचा विषय घेते, कारण ती तक्रार सर्वांत रास्त आहे. बदक कोरडे खाद्य चोचीत घेते, लगेच पाण्याकडे जाते, चोच बुडवून घास ओला करते आणि पुन्हा खाद्याकडे येते. पाणी नसताना कोरडे खाद्य दिले तर ते घशात अडकू शकते, म्हणून पाणी आणि खाद्य एकमेकांपासून दूर ठेवता येत नाही. या सततच्या ये-जा करण्यामुळे दोन्ही भांड्यांमधली जमीन दिवसभर भिजते, तिच्यात सांडलेले दाणे आणि विष्ठा मिसळते आणि तोच चिखल कुजून वास सुटतो. आपल्या भागात वर्षाला १,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आमच्या ओळीतली जमीन कन्हार आहे. ती एकदा भिजली की लवकर सुकत नाही, त्यामुळे पावसाळ्यात ही अडचण दुप्पट होते. यासाठी मी पाण्याच्या टपाखाली दोन फूट खोल खड्डा घेऊन त्यात खाली दगड, वर गिट्टी आणि सर्वांत वर जाड रेती भरणार आहे, आणि त्यावर लोखंडी जाळी टाकून टप तिच्यावर ठेवणार आहे. म्हणजे सांडलेले पाणी तिथेच जिरेल. टपातले जुने पाणी रोज सकाळी केळी आणि अळूच्या वाफ्यात सोडले जाईल, त्यातला एक थेंबही संस्थेच्या नालीत येणार नाही.

टपाचा विषय निघाला आहे तर डासांच्या शंकेचेही उत्तर देते. डासाने अंडी घातल्यापासून उडणारा डास तयार होण्यास उष्ण हवेतसुद्धा साधारण आठवडा लागतो. जे पाणी रोज पूर्ण उपसले जाते त्यात डास वाढू शकत नाही, शिवाय पाण्यातल्या अळ्या बदके स्वतःच टिपून खातात. टप अजिबात नको, प्यायला वाटीभर पाणी पुरे, अशी सूचना एका सदस्यांनी केली होती. तिच्यामागचा हेतू चांगला असला तरी ती मला मान्य करता येत नाही. बदकाला नाकपुड्या आणि डोळे स्वच्छ ठेवण्यासाठी निदान डोके पूर्ण बुडेल एवढे खोल पाणी लागतेच, ते न मिळाल्यास डोळ्यांना संसर्ग होतो.

आता निवाऱ्याविषयी. रात्रीच्या मुक्कामासाठी एका बदकाला साधारण चार चौरस फूट जागा पुरते. मी सहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे घर बांधू इच्छिते. पाया विटांचा आणि जमिनीपासून एक फूट उंच राहील. बदके कोंबड्यांसारखी दांडीवर बसत नाहीत, ती जमिनीवरच बसून झोपतात, म्हणून त्यांच्या घरात सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोरडी फरशी ही आहे. नुसत्या कठीण काँक्रीटवर त्यांच्या तळपायांना जखमा होऊन सूज येते, त्यामुळे फरशीवर धानाची तुसे आणि तणस यांचा चार-पाच बोटे जाड थर राहील. ओला झालेला भाग रोज काढला जाईल आणि कोरडी भर घातली जाईल. राईस मिल जवळ असल्याने तुसांची आपल्याकडे कमतरता नाही, आणि काढलेला थर कुजून उत्तम खत होतो. ते खत संस्थेच्या बागेला हवे असल्यास मी आनंदाने देईन.

घराची उंची साडेचार फूट ठेवणार आहे. बदकांना एवढी उंची लागत नाही, पण माणसाला वाकून आत शिरता आले नाही तर झाडलोट टळते. भिंतींचा खालचा भाग बंद आणि वरचा एक फूट चारही बाजूंनी जाळीचा राहील, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत बसलेल्या पक्ष्यांच्या अंगावर वारा येणार नाही आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया वरून निघून जाईल. बंद कोंदट खुराड्यात शिरल्यावर डोळ्यांना जी झोंबणी जाणवते ती या वायूचीच असते, आणि माणसाला ती क्षणभर सोसावी लागते तर पक्ष्यांना रात्रभर. दार पूर्वेला असेल, कारण पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो. बदके एकेक करून बाहेर पडत नाहीत, सगळी एकदमच दाराशी लोटतात, त्यामुळे दार रुंद आणि उतरण अगदी सौम्य हवी. त्यांचे पाय नाजूक असतात. म्हणूनच बदकाला पाय धरून कधीही उचलू नये, हे आपल्या आवारातल्या मुलांना मी समजावून सांगितले आहे.

उन्हाळ्याचा विचार मी सर्वांत जास्त केला आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नवतपा सुरू झाला की रात्रीही हवा तापलेलीच असते. पक्ष्यांना घाम येत नाही, ते चोच उघडून धापा टाकत उष्णता बाहेर टाकतात. पंख अंगापासून दूर धरून, मान ताठ करून धापा टाकणारे बदक दिसले तर त्याला तातडीने सावली आणि पाणी मिळायला हवे. नुसत्या टिनाखाली दुपारी त्यांना ठेवणे क्रूरपणाचे होईल. म्हणून टिनावर तणसीचे जाड छप्पर घातले जाईल आणि घर कडुलिंबाच्या पूर्वेकडे येईल, म्हणजे दुपारनंतरची सावली त्यावर पडेल. ते झाड तोडण्याचा प्रस्ताव मागे एकदा आला होता, तो पुन्हा येऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काही शेजाऱ्यांना भीती वाटते की पक्षी ठेवल्याने रात्री जनावरे आवारात येतील. ही भीती निराधार नाही. २०१३ मध्ये घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आपल्यापासून फार लांब नाही, आणि मुंगूस, रानमांजर, घूस व भटकी कुत्री तर रोजचीच आहेत. परंतु जनावर परत परत येते ते शिकार सहज हाती लागते म्हणून. बाजारात मिळणारी षटकोनी कोंबडजाळी बदकांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही, त्यामुळे मी अर्ध्या इंचाच्या चौकोनाची वेल्डेड जाळी वापरणार आहे. ती जमिनीत एक फूट पुरून तिचे टोक बाहेरच्या बाजूला वळवले जाईल, म्हणजे उकरणारे जनावर जाळीवरच येऊन थांबेल. दाराला कडी आणि तिच्यावर आकडा असे दोन्ही राहील. दिवेलागणीला बदके आत जातील, खाद्य उचलून झाकणाच्या टिनाच्या पेटीत ठेवले जाईल, आणि सकाळी नऊपर्यंत ती आतच राहतील. बदके बहुधा पहाटे ते सकाळी नऊच्या दरम्यान अंडी देतात, त्यामुळे अंडीही वाडीभर विखुरणार नाहीत आणि नागा-धामणींना आमंत्रण मिळणार नाही. रात्रीचा गलका हाही बहुतांशी भीतीचा असतो. नराचा आवाज मुळातच बसका असतो, ओरडतात त्या माद्या, आणि जाळीशी कुत्रे आले की त्या फार ओरडतात. भक्कम घरात ती वेळ क्वचितच येईल.

बर्ड फ्लूविषयी मला काहीही सौम्य करून सांगायचे नाही. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला या रोगाचा देशातला पहिला उद्रेक झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ विषाणूने दगावले, हे आपण सर्वांनी वाचले आहे. बदकांच्या बाबतीत जास्त सावध राहावे लागते, कारण बदक आजारी न दिसताही हा विषाणू बाळगू शकते. म्हणूनच माझी बदके मालगुजारी तलावावर किंवा संस्थेमागच्या बोडीवर कधीही सोडली जाणार नाहीत, विशेषतः हिवाळ्यात, जेव्हा तिथे बाहेरचे पाणपक्षी उतरतात. त्यांचे खाद्य-पाणी छपराखालीच राहील, म्हणजे रानपक्ष्यांची विष्ठा त्यात पडणार नाही. एकाहून अधिक पक्षी अचानक मेले तर त्यांना उघड्या हाताने न शिवता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि आपल्याला कळवण्याची लेखी हमी मी देते. २००९ च्या प्राण्यांमधील रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार ते माझे कर्तव्यही आहे. उद्रेक झाल्यास एक किलोमीटर परिघातील पाळीव पक्षी नष्ट केले जातात, याची मला पूर्ण जाणीव आहे, आणि तशी वेळ आलीच तर मी आडकाठी करणार नाही.

एक विनंती सर्व रहिवाशांपर्यंत पोहोचावी असे वाटते. प्रेमापोटी काही जण कुंपणावरून ब्रेड, शिळी पोळी, फरसाण टाकतात. त्याने बदकांचे पोट भरते पण पोषण होत नाही. बुरशी आलेले अन्न तर त्यांच्यासाठी विषच आहे, कारण बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिनला बदके, त्यातही पिल्ले, फार लवकर बळी पडतात. याच कारणाने मी शेंगदाण्याची जुनी ढेप वापरत नाही. काही द्यायचेच असेल तर बारीक चिरलेला पालक, कोबीची पाने किंवा थोडी भिजवलेली कनकी द्यावी, आणि मुलांनी पक्ष्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

ही बदके विक्रीसाठी नाहीत आणि त्यांची संख्या मी सहाच्या वर नेणार नाही. इतर सभासदांनाही पक्षी पाळायचे असल्यास समितीने संख्येची मर्यादा, शेजारच्या भिंतीपासून निदान दहा फूट अंतर, पक्की जाळी आणि सांडपाण्याची सोय एवढ्या अटी घालाव्यात, त्या मला आधी लागू कराव्यात. अटी मोडल्याचे आढळल्यास पंधरा दिवसांची नोटीस देऊन परवानगी रद्द करण्याचा अधिकार समितीकडे राहावा, हेही मला मान्य आहे.

बांधकामाचा मोजमापांसह हाताने काढलेला नकाशा आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचे संमतीपत्र सोबत जोडले आहे. हा विषय येत्या मासिक सभेत घ्यावा, आणि त्याआधी समितीच्या दोन सदस्यांनी सकाळी नऊच्या सुमारास, म्हणजे टप उपसण्याच्या वेळी, जागेची पाहणी करावी. बांधकामास पंधरा दिवस लागतील. ते मृगाच्या आधी पूर्ण व्हावे यासाठी निर्णय होईपर्यंत सध्याचा आडोसा न काढण्याची मुभा द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
पूर्वेकडील ओळीतील एक सभासद

सोबत : नकाशा, शेजाऱ्यांचे संमतीपत्र