पोच म्हणजे मंजुरी नव्हे

संपादक महोदय,

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिका-चीन संबंधांवर पानभर लेख होता, आवडीनं वाचत होतो, पण मध्येच वाक्य आलं की १९७२ सालीच अमेरिकेनं तैवान चीनचा भाग असल्याचं मान्य केलं होतं आणि आता ती शब्द फिरवतेय, तिथं मी चहाचा कप खाली ठेवला. असं झालेलंच नाहीये हो.

मी ३२ वर्षं तहसील कचेरीत काढली, त्यातली निम्मी आवक-जावक टेबलाला. माणूस अर्ज घेऊन यायचा, दोन प्रती, आम्ही रजिस्टरला नंबर टाकायचो, एक प्रत ठेवून घ्यायची आणि दुसरीवर गोल शिक्का मारून तारीख टाकून सही करून परत द्यायची. ती पोच. गावाकडची माणसं ती घडी करून खिशात घालायची आणि पारावर सांगायची की काम झालं, साहेबांची सही मिळाली. पोच म्हणजे फक्त एवढंच की तुमचं म्हणणं आमच्यापर्यंत आलं, ते बरोबर का चूक, मंजूर का नामंजूर, यावर आम्ही चकार शब्द काढलेला नाही.

२८ फेब्रुवारी १९७२ च्या शांघाय पत्रकात, म्हणजे अमेरिका आणि चीननं मिळून काढलेल्या निवेदनात, अमेरिकेनं नेमकं हेच केलंय. तैवानच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूचे सगळे चिनी म्हणतात की चीन एकच आणि तैवान त्याचा भाग, याची आम्ही नोंद घेतो आणि त्याला आव्हान देत नाही, बस. इंग्रजीत शब्द आहे ॲक्नॉलेज. आमच्या कचेरीत ॲक्नॉलेजमेंट म्हणजे पोचच की!

आणि हा शब्द काही घाईत पडलेला नाही. १९४९ ला माओंचं सरकार आल्यापासून अमेरिकेचा दूतावास तैपेईलाच, म्हणजे तैवानच्या राजधानीत, कोरियात दोघं समोरासमोर लढले, त्यानंतर बोलणी व्हायची ती दोन्हीकडच्या राजदूतांची, आधी जिनिव्हाला मग वॉर्सात, आणि तीही मध्ये बंदच पडली. १९६९ मध्ये उसुरी नदीवर चीन आणि रशियाच्या सैन्यात गोळीबार झाला तेव्हा अमेरिका आणि चीन दोघांनाही एकमेकांची गरज पटली, पण निरोप द्यायचा कुणी आणि कसा? त्या डिसेंबरात वॉर्सामध्ये युगोस्लाव्हियाचा फॅशन शो होता, तिथं अमेरिकेचे राजदूत स्टोसेल चिनी अधिकाऱ्यांना गाठायला गेले तर ते चक्क पळाले, हे त्यांच्या मागं धावले आणि चिनी दुभाष्याला गाठून पोलिश भाषेत सांगितलं की आमच्या अध्यक्षांना बोलायचंय. महासत्तांचा कारभार हा असा, वसुलीला बाकीदार पळावा तसा!

१९७१ च्या एप्रिलमध्ये नागोयाला टेबल टेनिसच्या जागतिक स्पर्धेत ग्लेन कोवन नावाचा लांब केसांचा अमेरिकन पोरगा चिनी टीमच्या बसमध्ये चढला आणि तीन वेळचा जगज्जेता झुआंग झेडोंगनं उठून त्याला रेशमावर विणलेलं डोंगराचं चित्र दिलं, बाकीचे खेळाडू घाबरून गप्प बसलेले, त्यानंतर काही दिवसांत अमेरिकन टीम चीनमध्ये. हे तुमच्या लेखात आहे. अमेरिकी अध्यक्ष निक्सनचे सल्लागार किसिंजर, त्यांचं नाहीये. जुलैत हे गृहस्थ दिल्लीला आले, इंदिराबाईंना भेटले, पुढं पाकिस्तानात जाऊन पोट बिघडल्याचं सोंग केलं आणि पहाटे पाकिस्तानी विमानातून गुपचूप पेकिंगला, म्हणजे आताच्या बीजिंगला. आपल्याला अर्थातच कुणी पत्ता लागू दिला नाही, आणि त्यानंतर महिनाभरात, ९ ऑगस्टला, आपण रशियाशी मैत्रीचा करार केला, त्यामागं बांगलादेशाचा प्रश्न तर होताच पण हेही होतं. आणि मजा म्हणजे घाईत किसिंजरचे शर्ट बॅगेत घालायचेच राहिले, सहकाऱ्याचे ढगळ शर्ट मागून घालावे लागले, त्यावर लेबल होतं, मेड इन तैवान!

म्हणजे तैवानचा काटा पहिल्या दिवसापासून अंगालाच टोचत होता, त्यामुळं शब्द जपून वापरला. खरी गोम पुढं आहे. १ जानेवारी १९७९ पासून रीतसर संबंध सुरू झाले तेव्हाच्या पत्रकात पेकिंगचं सरकार हेच चीनचं एकमेव कायदेशीर सरकार, याला अमेरिकेनं सरळ मान्यता दिली, तिथं शब्द रेकग्नाइज. तैवानपाशी आले की परत ॲक्नॉलेज. एकाच कागदावर दोन शब्द, उगाच नाही वापरत कुणी. पण चिनी प्रतीत या ठिकाणी १९७२ ला जाणीव असण्याच्या अर्थाचा मऊ शब्द होता तो बदलून १९७९ ला चेंगरेन आला, म्हणजे जवळजवळ कबूल केल्यासारखंच. अमेरिकेनं म्हटलं आम्हाला आमची इंग्रजी प्रतच लागू. आणि एप्रिलमध्ये तिथल्या संसदेनं कायदाच केला की तैवानला संरक्षणासाठी शस्त्रं द्यायची. चीन खिशातली घडी काढून दाखवतो, अमेरिका म्हणते नीट वाच, फक्त शिक्काय. हे अजून चाललंय. त्यात तुमच्या लेखकानं चीनच्या बाजूनं निकालच देऊन टाकला, तोही नकळत, एका क्रियापदानं.

तर दुरुस्ती छापावी ही विनंती, 'मान्य केलं'च्या जागी 'नोंद घेतली' एवढाच बदल आहे, दोन ओळींचं काम. आणि छापायची नसेल तर निदान पत्र मिळाल्याची पोच तरी पाठवा, मी ती मंजुरी समजणार नाही.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा