गाडी घडवणे स्वस्त, दुरुस्त करणे महाग

संपादक महोदय,

उद्याच्या मोटारींची चर्चा बॅटरी आणि शोरूममधली किंमत यांपुढे सहसा जात नाही. बॅटरी पॅक खरोखरच स्वस्त झाला: २०१० मध्ये किलोवॅट-तासाला (वीज साठवण्याच्या क्षमतेचे एकक) हजार डॉलरच्या वर असलेला दर २०२४ पर्यंत सव्वाशेच्या आत आला. पण गाडी घडवण्याचा खर्च ज्या युक्त्यांनी उतरतो आहे, त्यांतल्याच काही दुरुस्तीचा खर्च चढवत आहेत.

गाडीचा मागचा सांगाडा घ्या. पूर्वी तो पत्र्याचे साठ-सत्तर भाग स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांवर वितळवून, जोडून होत असे. आता टेस्लासह काही कंपन्या तो अ‍ॅल्युमिनियमचा अखंड ओततात. साचा एक, जोडण्या नाहीत, कारखान्याची जागा आणि वेळ वाचतो. मात्र चेपलेला पत्रा ओढून सरळ होतो, वेल्डचे ठिपके ड्रिलने काढून तेवढाच तुकडा बदलता येतो; ओतीव भाग जोराच्या धक्क्याने तडकतो आणि ठोकून पूर्ववत होत नाही. यावर उपाय आहे. टोकाला बोल्टने बसणारा, धक्का स्वतः झेलून चेपणारा क्रॅश बॉक्स द्यावा. ओतकामावर कापायच्या रेषा आखून ठेवाव्यात, म्हणजे तिथे नवा तुकडा रिव्हेट आणि स्ट्रक्चरल गोंदाने जोडता येईल. पण हे आराखड्यातच हवे, मागाहून घालता येत नाही.

सेल, म्हणजे बॅटरीचे छोटे घटक, थेट पॅकमध्ये चिकटवण्याच्या पद्धतीचेही असेच. जागा वाचते, पण एक सेल बिघडला तरी तो सुटा काढणे जवळपास अशक्य.

सर्वांत जास्त फसगत समोरच्या काचेत होते. नवी काच बसवल्यावर तिच्यामागचा, चालकाच्या मदतीसाठी रस्ता पाहणारा कॅमेरा कॅलिब्रेट करावाच लागतो, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवावी लागते. नजर एका अंशाने जरी सरकली, तरी ५० मीटरवर चूक ८७ सेंटिमीटरची, म्हणजे शेजारच्या लेनकडे झुकणारी. बंपरमागे अंतर मोजणारे रडार असेल, तर त्यासमोर पुट्टी भरून रंगाचे थरावर थर चढवू नयेत. रडारच्या लहरी अडतात, अंतर चुकीचे मोजले जाते. वरून बंपर मात्र चकचकीत दिसतो, म्हणून ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

तेव्हा कंपन्यांनी गाडीच्या किमतीसोबतच बंपर, हेडलाइट, कॅलिब्रेशनसह काच आणि बॅटरी पॅक बदलण्याचा खर्च मजुरीसकट छापावा, अशी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
वाहन दुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक