27 तारखेला रात्रीच निघायचं आहे

ती. आई-बाबांस,
सा. न.

तुमची इकडे मेलबर्नला यायची तिकिटं आली. आता एक गोष्ट आधी सांगते, कारण चूक होते ती इथेच. विमान 28 नोव्हेंबरला 12 वाजून 25 मिनिटांचं आहे, पण ते मध्यरात्रीचं. म्हणजे 27 तारखेला संध्याकाळी मावशीच्या घरातून निघायचं, जेवण तिथेच लवकर उरकायचं आणि 9 वाजता मुंबईच्या सहार विमानतळावर टर्मिनल 2 ला पोचायचं. बाबा, कॅलेंडरवर 27 वर गोल करून ठेवा, 28 वर नको. टॅक्सीवाल्यालाही सहार असंच सांगा. आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झालाय, घोटाळा नको.

तुम्ही फोनवर म्हणालात, की स्वस्त तिकीट होतं, उगाच पैसे घातलेस. बाबा, ती दोन वेगवेगळी तिकिटं होती. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कोणीच घेत नाही, आणि सामानही मध्ये उतरवून पुन्हा द्यावं लागतं. मागच्या वर्षी गावी येताना मी तशीच तिकिटं काढली होती. पहिलं विमान तीन तास लेट झालं, दुसरं निघून गेलं, आणि नवीन तिकीट काढून मी रात्रभर बाकावर बसून राहिले. तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुमच्या गुडघ्याला ती रात्र झेपणार नाही. म्हणून मुंबई ते मेलबर्न एकच तिकीट घेतलं, सिंगापूरला बदलायचं. मुंबईत बॅगांना चिठ्ठी लावतील, तिच्यावर मेलबर्न आहे ना एवढं विचारून घ्या. बॅगा मग थेट इकडेच मिळतील. मध्ये पाच तास मुद्दाम ठेवलेत. दोन तासांचंही चाललं असतं, पण तुम्हाला धावायला लावायचं नाही.

व्हीलचेअर दोघांसाठी सांगितली आहे. आई, लाजू नकोस. तुला चालता येतं हे मला माहीत आहे. पण हे विमानतळ म्हणजे आपल्या घरापासून बंदरापर्यंत जाण्यासारखं असतं, आणि व्हीलचेअरवाला माणूस रांगा, तपासणी, पुढचं गेट सगळं बरोबर दाखवतो. त्याच्याबरोबरच राहा. सिंगापूरला विमानतळाबाहेर पडायचं नाही, म्हणून तिथला व्हिसा लागत नाही. विमानात मात्र दर दोन तासांनी उठून चार पावलं चाला.

कणकवलीहून 25 तारखेची कोकणकन्या धरा आणि ठाण्यालाच उतरा. तोवर पावसाळी वेळापत्रक संपलेलं असेल, तरी एकेरी मार्ग आहे, क्रॉसिंगला गाडी थांबली की थांबली. म्हणून मधला दीड दिवस सोडलाय. गोव्यातल्या मोपाहून विमानाने मुंबईला यायचंही बघितलं होतं, पण ते पुन्हा वेगळं तिकीट झालं असतं.

आता आईसाठी. तू आंबापोळी, कोकम, कुळथाची पिठी, फणसाचे पापड असं सगळं काढून ठेवलं असशील, हे मला न सांगताही कळतं. ऑस्ट्रेलियात खाण्यापिण्याचे नियम फार कडक आहेत. उतरण्यापूर्वी एक फॉर्म भरायचा असतो, त्यात खाण्याचं काही आहे का असं विचारतात. तिथे 'हो' वरच खूण करायची, एक पापड असला तरी. ते बघतात, बऱ्याच वस्तू सोडतात, एखादी ठेवून घेतात, एवढंच. लपवलं तर मात्र मोठा दंड होतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. ताजी फळं, नारळ, सुकट काहीच नको. आणि बाबा, परसातल्या वालाच्या बिया आणि ते कलम तर नकोच. तुम्ही मागच्या महिन्यात दोनदा विचारलंत, म्हणून लिहिते. तेवढ्या बिया विमानतळावर टाकून देताना तुम्हाला बघवणार नाही.

बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, पाकिटातून न काढता, आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या. तीन महिन्यांपर्यंतची औषधं आणता येतात. नोव्हेंबरात इकडची वेळ साडेपाच तास पुढे असते, तेव्हा गोळीची वेळ कशी बदलायची ते त्यांनाच विचारा. पॉवर बँकही हातातच, मोठ्या बॅगेत नको.

तारखा ठरवताना मी तुमचा विचार केला, बाबा. भात झोडून झालेलं असेल, तुळशीचं लग्न झालेलं असेल, आणि 20 डिसेंबरला तुम्ही परत आलात की मोहराच्या वेळी बागेत असाल. आधीची फवारणी दादा करेल, त्याच्याशी मी बोलले आहे.

ठाण्याला मावशीकडे पोचल्यावर फोन करा. मेलबर्नला दारातून बाहेर आलात की मी समोरच उभी असेन.

तुमची,
सुमी