एरर गुंडाळा, पण गिळू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन फॉर्म भरताना "काहीतरी चुकलं आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा" असं लाल अक्षरात येतं आणि माणूस रात्री अकरापर्यंत तेच बटण दाबत बसतो. यावर वाचकांची पत्रं येत असतात आणि सगळा राग सर्व्हरवर निघतो. मी पुण्यात गेली चौदा वर्षं प्रोग्रामिंग करते, आणि खरं सांगायचं तर सर्व्हर बिचारा बऱ्याचदा व्यवस्थित चालू असतो. काय बिघडलंय हे आत कुठेतरी नीट कळलेलं असतं, फक्त ते तुमच्यापर्यंत येईस्तोवर मधल्या कोणीतरी गिळलेलं असतं.

प्रोग्राम हा एकावर एक थरांचा असतो, सरकारी नस्तीसारखा. खालच्या टेबलावरून कागद निघतो, प्रत्येक टेबलावर वरून एक टिपणी लागते आणि मूळ कागद खाली तसाच राहतो, म्हणून साहेबांना पान उलटून बघता येतं की मुळात अडलं कुठे. आता मधल्या एका क्लार्कने मूळ कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि "काम होऊ शकत नाही" एवढंच लिहून फाइल वर पाठवली तर साहेब तरी काय करणार.

आम्ही ऑफिसात गो ही भाषा वापरतो. तिच्यात एरर म्हणजे एक साधी व्हॅल्यू, फंक्शन (प्रोग्राममधला एक काम करणारा तुकडा) ती परत देतं आणि तिचं काय करायचं ते घेणाऱ्याने ठरवायचं. सप्टेंबर २०१९ मध्ये गोचं १.१३ व्हर्जन आलं आणि एरर गुंडाळायची, म्हणजे मूळ एरर आत ठेवून वर आपली टिपणी लावायची, सोय भाषेतच मिळाली. मेसेज तयार करताना परसेंट व्ही (%v) लिहिलं तर मूळ एररचा नुसता मजकूर उतरवून घेतला जातो, परसेंट डब्ल्यू (%w) लिहिलं तर मूळ एररच टाचणीने मागे लावली जाते. वाचायला दोन्ही अगदी सारखे दिसतात, आणि तिथेच माणूस फसतो.

आमचंच सांगते. सभासद नंबर टाकून माहिती बघायचं एक स्क्रीन होतं. नंबर सापडला नाही की डेटाबेसकडून "नो रोज" (no rows, म्हणजे एकही नोंद सापडली नाही) अशी ठरलेली एरर येते, ती वरच्या कोडमध्ये आम्ही ओळखायचो आणि "हा नंबर नोंदीत नाही, तपासून पाहा" असं दाखवायचो. टीममधल्या एका पोराने चांगल्या हेतूने खालच्या थरात "सभासद शोधताना" हे शब्द पुढे जोडले, पण परसेंट व्हीने. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, सगळं छान वाचता येत होतं, पण वरच्या कोडला ती ओळखीची एरर राहिलीच नाही, कोणीतरी अनोळखी आलंय म्हणून त्याने थेट "सेवा उपलब्ध नाही" सांगून टाकलं. दोन दिवस ज्यांनी ज्यांनी एक आकडा चुकवला त्या सगळ्यांना वाटलं आमचा सर्व्हर पडलाय, आणि फोन उचलणाऱ्या मुलींनाही तेच वाटत होतं! दुरुस्ती म्हणाल तर एका अक्षराची, व्हीचं डब्ल्यू. तेवढ्यानेही भागलं नाही कारण वर आम्ही सरळ बरोबरच्या चिन्हाने तुलना करत होतो आणि गुंडाळलेली वस्तू तशी जुळत नाही, तिथे एरर्स-डॉट-इज वापरावं लागतं, ते एकेक वेष्टन सोडून आत बघतं.

दुसरी गोष्ट माझ्या भाचीच्या ॲडमिशनची. फॉर्म सबमिट केला तर म्हणे फोटो ५० केबीपेक्षा मोठा. तो लहान केला, पुन्हा कॅप्चा, पुन्हा ओटीपी, तर म्हणे सही जेपीजीमध्ये हवी. ती केली, पुन्हा ओटीपी, तर पिनकोडच्या शेवटी एक स्पेस राहिलीय. अहो, पहिल्याच खेपेला तिन्ही सांगायला काय हरकत होती? ताई शेवटी वैतागून सायबर कॅफेत पैसे देऊन आली. कोड लिहिणाऱ्याने पहिली चूक दिसली की तिथूनच परत फिरायचं असं लिहिलेलं असणार, दुसरं काही नाही. गोमध्ये फेब्रुवारी २०२३ च्या १.२० व्हर्जनपासून एरर्स-डॉट-जॉइन आहे, प्रत्येक तपासणीचा निकाल त्यात टाकत जायचा, जिथे काही चुकलं नाही ते आपोआप गळतं, उरलेल्यांची एक मोळी होते, आणि काहीच उरलं नाही तर मोळीही रिकामी म्हणजे फॉर्म पास. मोळीतली प्रत्येक एरर एरर्स-डॉट-इजला सापडते. (एक वेष्टन काढणारं साधं अनरॅप मात्र मोळी सोडत नाही, नुसतं निल म्हणजे "काही नाही" देतं, यात माझी एक संध्याकाळ गेलीय.) हे काही गोचंच कौतुक नाही. जावा या भाषेत मूळ कारण जोडायची सोय २००२ पासून आहे, आणि पायथन या भाषेत अनेक एरर एकत्र द्यायची सोय २०२२ मध्ये ३.११ व्हर्जनला आली.

आता कोणी म्हणेल की मग आतलं सगळं लोकांना दाखवा. नको! फाइलचे पत्ते, डेटाबेसचं नाव असलं स्क्रीनवर आलं तर चोरालाच वाट दाखवल्यासारखं. पूर्ण साखळी लॉगमध्ये राहू दे, स्क्रीनवर साध्या मराठीत काय दुरुस्त करायचं ते आणि खाली एक नंबर द्या, तो हेल्पलाइनला सांगितला की तिथल्या माणसाला लॉगमधली नेमकी ओळ उघडता आली पाहिजे. असल्या वेबसाइटचं टेंडर काढणारे पानंच्या पानं अटी घालतात, लोगो कुठे, रंग कुठला, त्यात या दोन ओळी घाला एवढंच म्हणणं आहे.

बाकी दुसऱ्याला किती नावं ठेवणार, हे पत्र लिहिता लिहिता आमच्याच कोडमध्ये शोधून बघितलं तर परसेंट व्हीने गुंडाळलेल्या अजून एकतीस जागा निघाल्या. सोमवारी बसते.

आपली एक वाचक,
कोथरूड, पुणे
(नाव छापू नये, आमचे साहेब तुमचा पेपर रोज वाचतात.)