बाहत्तरच्या तलावाचा सांडवा पावसाच्या आत बांधायचाय, गावकऱ्यांनो हात लावा

समस्त ग्रामस्थ, मुंबई-पुण्याला असलेले चाकरमानी, माथाडीतली मंडळी, सोनं-चांदी गाळायच्या म्हणजे गलाईच्या धंद्यानिमित्त पार केरळ-तामिळनाडूपासून दिल्लीपर्यंत गेलेले आपले बांधव आणि सगळ्या माहेरवाशिणी, सगळ्यांना तलाव समितीचा नमस्कार.

विषय आपल्या पाझर तलावाचा आहे. मागच्या परतीच्या पावसात सांडव्याच्या, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी जिथनं बाहेर जातं त्या वाटेच्या, डाव्या अंगाला पाणी भिंतीवरून न जाता कडेनं घुसलं आणि भरावाची माती कापत गेलं, आता तिथं माणूस उभा राहील एवढी घळ पडलीय. आणखी एक मोठा पाऊस झाला तर भराव फुटणार आणि खालच्या मळ्यातली सगळी रानं वाहून जाणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही, तरी झेडपीच्या लघु पाटबंधारेचे साहेब येऊन बघून गेलेत आणि त्यांचंही तेच म्हणणं आहे.

बरेच जण विचारतात की आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलंय मग या जुन्या तलावाचं काय घेऊन बसलाय. बाबांनो, टेंभूचं पाणी येतं ते खालच्या अंगाला, वरच्या वाड्यांना नाही, आणि तेही आवर्तन म्हणजे पाणी सोडायची पाळी असेल तेव्हाच. वरच्या विहिरींना उन्हाळ्यात जे काही पाणी टिकतं ते या तलावातनं पाझरूनच येतं. पाझर तलावाला ना कालवा ना मोटर, पाणी अडवायचं आणि जमिनीत मुरवायचं एवढंच त्याचं काम, म्हणून ते दिसत नाही आणि म्हणून त्याची किंमतही वाटत नाही.

आता तरुण पोरांसाठी थोडं सांगतो कारण त्यांना वाटतं तलाव कुठल्यातरी कॉन्ट्रॅक्टरनं बांधला. हा तलाव आपल्या आजा-आज्ज्यांनी बांधलाय. 1972 च्या दुष्काळात सरकारनं राज्यभर दुष्काळी कामं काढली, रस्ते, खडी फोडणं, रानाचे बांध घालायचं बंडिंग, पाझर तलाव, आणि 1973 च्या मे महिन्यात राज्यात अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. जमीनदार पाटील आणि भूमिहीन मजूर एकाच रांगेत पाटी घेऊन उभे राहिले. आपल्या वाडीतल्या एक आज्जी सांगतात, बाप्ये टिकावानं खणायचे, बाया पाट्या वाहायच्या, तान्ही पोरं झोळीत बांधलेली, आठवड्याला खड्ड्याचं माप घेऊन पगार, दुपारी सुकडी म्हणजे कामावर वाटायचा कोरडा खाऊ, आणि रात्री अमेरिकेतनं आलेल्या त्या लाल मिलो ज्वारीची भाकरी जी गळ्याखाली उतरायची नाही. त्या बोलताना अजून उजवा हात डोक्याकडं जातो, पाटी सावरल्यासारखा.

सांडव्यावर कधी गेलात तर भिंतीच्या माथ्यावर बघा, ओल्या सिमेंटात कुणीतरी बोटानं 1973 लिहून ठेवलंय, नऊचा आकडा उलटा काढलाय. लिहिणारा कोण होता कुणाला माहीत नाही, पण शाळेत फार गेला नसावा.

आणि दुष्काळात लोकांना काम द्यायची ही परंपरा काय आजची नाही. आपल्या शेजारचा राजेवाडीचा तलाव, ज्याला म्हसवडचा तलाव पण म्हणतात, तो 1876 च्या दुष्काळात लोकांना काम द्यायला म्हणून इंग्रजांनी सुरू केला. गलाईवाल्यांपैकी कुणी लखनौला असेल तर बडा इमामबाडा बघितला असेल, तो 1784 च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून नवाबानं काढलेलं काम. जोधपूरचा उमेद भवन पॅलेस पण तसाच, 1929 ला काम सुरू झालं ते दुष्काळात पिचलेल्या लोकांसाठी. तिथं तिकीट काढून लोक बघायला जातात. आपल्या तलावावर मात्र बाभळी उगवल्यात.

पगारदार मंडळींना एक सांगायचंय. तुमच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला प्रोफेशनल टॅक्सचे 200 रुपये कापलेले दिसतात ना, फेब्रुवारीत 300, तो कर 1975 ला रोजगार हमी योजनेसाठी म्हणून सुरू झाला. विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागे साहेबांनी 1965 ला आपल्या सांगली जिल्ह्यातच, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला या योजनेचा पहिला प्रयोग केला, पुढं 1977 ला कायदा झाला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. आपला तलाव कायद्याच्या आधीचा आहे, पण मुद्दा हा की शहरातल्या पगारातनं खेड्यातल्या हाताला काम ही गोष्ट या महाराष्ट्रानं करून दाखवलीय, आज आम्ही वेगळं काही मागत नाही.

काम काय आहे ते ऐका. घळ भरून तिथं काळ्या मातीचा गाभा घालून दाबून घ्यायचा, बाहेरनं मुरूम, वर दगडी पिचिंग म्हणजे दगड रचून अस्तर. सांडव्याची भिंत डाव्या बाजूला आणखी आत भरावात न्यायची. बाभळी मुळासकट काढायच्या, नुसत्या तोडून भागत नाही, कारण मूळ आत कुजलं की तिथं पोकळी होते आणि पाण्याला वाट मिळते. मातीकामाची मजुरी रोजगार हमी योजनेतनं घ्यायचा ठराव ग्रामसभेत झालाय. बाकी सिमेंट, वाळू, जेसीबीचं डिझेल आणि गवंडी यासाठी लोकवर्गणी लागणार. ज्याला जमेल त्यानं पैसे द्या, नाहीतर सिमेंटची पोती द्या, दगडाची ट्रॉली द्या, ट्रॅक्टर एक दिवस द्या, तेही नाही जमलं तर अंगमेहनत द्या, सगळं सारखंच धरलं जाईल. इस्टिमेट ग्रामपंचायतीत लावलंय आणि जमा-खर्च दर रविवारी देवळात वाचून दाखवणार. अकाउंट नंबर फक्त गावच्या ग्रुपवर टाकलेला आहे तोच वापरा, दुसऱ्या कुणी पाठवला तर आधी समितीला फोन करून विचारा.

देणगीदारांच्या नावाची पाटी लावणार नाही, हे आधीच सांगतो, कुणी रागावू नये. पाटी लावायची ती बाहत्तरला काम केलेल्यांची. हजेरीचं मस्टर आता कुठं सापडत नाही, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून नावं कळवा, बायांची नावं आवर्जून कळवा, नुसतं अमक्याची बायको असं नको. माहेरवाशिणींनो, तुमच्या आईचं नाव तुम्हीच सांगू शकता. कुणाकडं त्या कामाचा जुना फोटो, रोजगाराचं कार्ड, वापरलेली पाटी-टिकाव असेल तर तेही द्या, फोटोचे कॉपी काढून परत देऊ. शाळेची रस्त्याकडची भिंत मोकळी आहे, तिच्यावर या कामाचं मोठं चित्र काढायचं ठरलंय, रंग आणि ब्रश कुणी दिले तर चित्रकलेचे सर आणि पोरं काढायला तयार आहेत.

मे संपायच्या आत भिंत उभी राहिली पाहिजे म्हणजे सिमेंट पक्कं व्हायला पाणी मारायला वेळ मिळेल. येत्या रविवारी सकाळी सहाला सांडव्यावर जमायचं, बाभळी काढायला सुरुवात करू. खोरं, पाटी, कुऱ्हाड आपापली आणा, चहा-नाष्टा वरच्या वाडीकडं आहे.